शिकून काय मिळालं?

श्रोतेहो, नमस्कार.

"एवढं शिकून काय मिळालं?" हा प्रश्न आपल्या बेळगाव भागात हल्ली वरचेवर कानावर येतो. येळ्ळूर-उचगावच्या पारावर, खानापूरच्या बसमध्ये, मार्केट यार्डात बटाट्याची पोती उतरवताना. विचारणारा बाप बहुधा चिडलेला असतो आणि त्याचं चिडणं खोटं नसतं. जमिनीचा तुकडा विकून पोराला इंजिनिअर केलं. पोरगा पुण्यात चौघांत एक खोली घेऊन राहतो आणि महिनाअखेरीला घरूनच पैसे मागवतो. गल्लीतला दहावी नापास मुलगा मात्र उद्यमबागेतल्या कारखान्यात गेला, मशिनवर त्याचा हात बसला आणि आता त्याच्या घरावर स्लॅब पडतोय. मग बापानं विचारायचं नाही तर काय करायचं?

आकडेही बापाच्याच बाजूचे दिसतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालात आपल्या देशाचं चित्र आहे. २०२२ साली पदवीधर तरुणांमध्ये बेकारी २९.१ टक्के होती. ज्यांना लिहितावाचता येत नाही, त्या तरुणांमध्ये ती होती ३.४ टक्के. ऐकणाऱ्याला वाटेल, झालं, शाळा बंद करा! पण जरा थांबा. न शिकलेल्याला बेकार राहणं परवडतच नाही. पडेल ते काम, मिळेल त्या मजुरीला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी करायला लागतो. पदवीधर वाट बघत बसतो, कारण घरात अजून दोन वेळचं जेवण आहे. त्यामुळे या आकड्यावरून कोण सुखी आहे ते कळत नाही. पदवीच्या लायकीची कामं आपण तयार केली नाहीत, एवढं मात्र स्वच्छ कळतं.

आणि खरं बोलायचं तर कित्येक घरांत पदवी घेतली जाते ती नोकरीसाठी नव्हे, लग्नासाठी. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. बायोडाटात 'बी.ई.' लिहिलेलं असलं की पाहुणे निदान चहाला तरी येतात. यावर हसू येतं, पण लाखांची फी भरणाऱ्या बापाचा हाही एक हिशेब असतो.

मग शिक्षणानं आयुष्य सुधारतं का? माझं उत्तर 'हो' असं आहे. फक्त ते पगाराच्या चिठ्ठीत शोधू नका. एक हिशेब सांगतो.

आठवड्याच्या हप्त्याची कर्जं आपल्या गावोगावच्या बायकांनी घेतलेली आहेत. धरून चला, पन्नास हजार घेतले. हप्ता अकराशेचा, हप्ते बावन्न. म्हणजे वर्षात सत्तावन्न हजार दोनशे परत करायचे. एजंट म्हणतो, "अक्का, वर्षाला फक्त सात हजार दोनशे व्याज. शेकडा साडेचौदासुद्धा नाही." अक्का सही करते. पण पन्नास हजार तिच्याकडे वर्षभर राहतात कुठे? दर आठवड्याला त्यातलं थोडं मुद्दल परत जातं. वर्षाची सरासरी काढली तर तिच्या हातात साधारण पंचवीस हजारच असतात. पंचवीस हजारांवर सात हजार दोनशे म्हणजे शेकडा जवळजवळ एकोणतीस झालं! यात नवीन गणित काही नाही. सरासरी आणि शेकडेवारी, दोन्ही हायस्कूलला जायच्या आधीच शिकवतात. वसुलीचा जाच इतका वाढला की २०२५ साली कर्नाटक सरकारला त्याविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. पण वटहुकूम येतो तो सही झाल्यानंतर. सहीच्या आधी उपयोगी पडतं ते हे गणित.

आता प्रश्न असा की शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ते येतं का? 'प्रथम' संस्था मुलांना काय येतं ते तपासते, त्या 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलांना तीन अंकी संख्येला एका अंकानं भागता आलं नाही. चौघांतल्या एकाला स्वतःच्या भाषेतला दुसरीचा धडा सरळ वाचता आला नाही. ही मुलं घरी बसलेली नव्हती. बहुतेकांची नावं शाळा-कॉलेजच्या पटावर होती.

आपल्याकडे यात आणखी एक गाठ आहे. घर मराठी, शाळा मराठी आणि आरटीसीचा, म्हणजे सातबारासारखा जमिनीचा, उतारा कन्नड. बँकेची नोटीस कन्नड, तहसीलदारांचं पत्रही कन्नड. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, उतारा मात्र उद्या काढायचा आहे. मराठी शाळा टिकलीच पाहिजे, मूल आईच्या भाषेतच विचार करायला शिकतं. पण त्याच शाळेतून कन्नड नुसती पास होण्यापुरती शिकून मूल बाहेर पडलं, तर ते जन्मभर कुणाचं तरी बोट धरून कचेरीत जाणार. हे बोलल्यावर काही मंडळी रागावतात. रागावू देत.

शाळेशिवाय शहाणपण येत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांना शाळा फारशी मिळाली नव्हती. तरी १९८० च्या दशकात त्या संघटित झाल्या, मजुरीसाठी लढल्या. पण कायदा वाचायला आणि अर्ज लिहायला शिकलेलं माणूस लागलंच.

मुलींच्या बाबतीत तर मला शंकाच उरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, शाळेत न गेलेल्या बायकांना सरासरी २.८ मुलं, बारावी किंवा पुढे शिकलेल्यांना १.८. मधलं एक बाळंतपण वाचतं. लग्नही काही वर्षं पुढे जातं आणि नवऱ्याघरी "कागद दाखवा" म्हणायचं बळ येतं. याचा पगार कुणी देत नाही, म्हणून आपण तो मोजत नाही.

तेव्हा पुढच्या पालकसभेला जाण्याआधी एक करा. घरात हेस्कॉमचं वीजबिल असेल, सोसायटीची नोटीस असेल, शेताचा उतारा असेल. मुलाला किंवा मुलीला ते मोठ्यानं वाचायला सांगा, आकडा कसा आला ते विचारा. जिथे अडेल तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि तो कागद घेऊन मास्तरांकडे जा. दहावीला मार्क किती पडले, ते नंतर विचारता येईल.

नमस्कार.