कमरेला बांधलेला आवाज

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या कोकणात शिमग्याला माईकसेट टेम्पो जाईल तिथवरच येतो. डांबर संपून पाखाडी लागली की जनरेटर, भोंगे, वायरची भेंडोळी सगळं वर रस्त्याला राहतं आणि खेळे, म्हणजे घरोघरी नाचत-गात फिरणारी मंडळी, मृदंग-झांजा घेऊन वाडीत उतरतात. जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगे, मधे एक माणूस चालेल एवढीच वाट. अशा वाटेनं घरामागून घर घ्यायचं, प्रत्येक आंगणात नमन, म्हणजे देवाच्या नावानं नाच-गाणं, करायचं. नाचणारे बदलतात, झील धरणारे, म्हणजे मागून साथीला गाणारे, बदलतात, पण पुढं उभं राहून गाणारा बहुधा एकच असतो. हातभर मागं मृदंग घुमत असतो आणि त्यावरून शब्द पोचवायचे असतात. दुसऱ्या दिवशी त्याचा घसा बसतो. तिसऱ्या दिवशी झीलवाले त्याला सांभाळून नेतात. गणपतीत भजनी मंडळांची आणि जाखडी नाचणाऱ्यांची तीच गत, वर पाऊस.

मी माईक आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस. या गाणाऱ्यांचा घसा वाचवणं हे आमच्या धंद्याचं काम आहे असं मला मनापासून वाटतं. म्हणून आज बोलणार आहे ते कमरेला पट्ट्यानं बांधायच्या, बॅटरीवर चालणाऱ्या लहान स्पीकरबद्दल. तो घरी बनवता येतो. सोल्डरिंग येणारा एक मुलगा, एक सुतार आणि दप्तरं शिवणारा कारागीर एवढी माणसं वाडीत किंवा बाजारपेठेत असली की झालं.

हा विषय काढला की पहिला प्रश्न येतो, किती वॉटचा करू? वॉट ऐकायला मोठे वाटतात, पण कानाला ते तेवढे कळत नाहीत. आवाज मोजायचं माप डेसिबल. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलनं, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॉट दहापट करावे लागतात. उलट बाजूनं, मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. समजा, गाणाऱ्याचा चढा आवाज १ मीटरवर ८० डेसिबल आहे. आंगणाच्या कडेला, ८ मीटरवर, तो ६२ उरतो. तिथं मृदंग आणि झांज त्याला सहज गिळून टाकतात.

आता स्पीकर घेताना त्याच्या कागदावर एक आकडा शोधा. १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल, तो आकडा. कुठे ८२ असतो, कुठे ८८. हा ६ डेसिबलचा फरक म्हणजे चौपट वॉट! ८८ च्या स्पीकरला २ वॉट दिले की १ मीटरवर ९१ आणि ८ मीटरवर ७३ डेसिबल मिळतात. नुसत्या घशाच्या ६२ पेक्षा हे ११ नं जास्त आहेत, म्हणजे कानाला दुपटीहून थोडं अधिकच. वाडीतल्या आंगणाला एवढं पुरतं. माझं सगळं सांगणं या हिशेबावर उभं आहे. या पेटीनं गावाला हादरवायचं नाही, गाणाऱ्याला थोडा हात द्यायचा आहे. एवढंच मागितलं तर पेटी हलकी होते, बॅटरी लहान होते आणि माणूस ती घेऊन पाखाडी चढतो.

दुसरी अडचण शिटीची. माईक आणि स्पीकर एकाच अंगावर असले की कुईऽऽ होणार, हे सगळ्यांना माहीत आहे. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, तो वाढून पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा माईकमध्ये जातो. लोक यावर आवाज कमी करतात, म्हणजे केलेलं सगळं फुकट. खरा उपाय अंतराचा आहे. माईक हातात, तोंडापासून २० सेंटीमीटरवर धरला, तर त्याच्यापाशी गाणाऱ्याचा आवाज सुमारे ९४ डेसिबल भरतो. कमरेचा स्पीकर तिथून ६० सेंटीमीटरवर धरला, तर त्याचा आवाजही माईकपाशी ९५ च्या घरात येतो. बरोबरी झाली, शिटी वाजली. तोच माईक डोक्याला अडकवायच्या तारेवरून ओठांच्या कोपऱ्याशी, अडीच सेंटीमीटरवर आणा. आता गाणाऱ्याचा आवाज तिथं सुमारे ११२ डेसिबल होतो आणि स्पीकर मात्र होता तिथंच राहतो. मधे १७ डेसिबलची मोकळी जागा मिळाली. हा हिशेब ढोबळ आहे, पण काम याच वाटेनं होतं. माईक एका दिशेनं ऐकणारा असावा आणि त्याच्यावर स्पंजची टोपी हवीच. आपल्याकडे समुद्राचं वारं दुपारनंतर सुटतं आणि ते उघड्या माईकमध्ये नुसतं फडफडतं.

स्पीकर पाठीवर बांधावा का, असं पुष्कळजण विचारतात. पाठीवर शिटी कमी होते हे खरं, कारण मधे आपलं शरीर येतं. पण तेच शरीर पुढच्या लोकांच्याही आड येतं. १ किलोहर्ट्झच्या ध्वनीची लांबी साधारण ३४ सेंटीमीटर, म्हणजे माणसाच्या रुंदीएवढी. त्याच्या वरचे स्वर शरीराला वळसा घालून नीट जात नाहीत, सावलीत अडकतात. आणि ‘त’, ‘थ’, ‘स’, ‘श’ यांची ओळख पटते ती याच वरच्या स्वरांत. पाठीवर स्पीकर बांधला की पुढच्यांना चाल ऐकू येते, शब्द येत नाहीत. तेव्हा स्पीकर पोटावर, बेंबीच्या थोडा खाली, तोंड समोर करून.

पेटी का हवी? उघड्या स्पीकरचा पडदा पुढं हवा ढकलतो तेव्हा मागं ती ओढतो. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना भेटला की खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो तो पत्र्यासारखा किरकिरा आवाज. मागची बाजू बंद करणं हाच इलाज. मृदंगाचं चामडं खोडावर न ताणता नुसतं हातात धरून वाजवून पाहा, तसंच हे. आतून १८ सेंटीमीटर रुंद, १४ उंच आणि ६ खोल अशी पेटी केली की दीड लिटर जागा होते. बोलण्या-गाण्याच्या आवाजासाठी ३ किंवा ४ इंची स्पीकरला ती पुरते. प्लाय ६ मिलिमीटरचा आणि मरीन घ्यावा. साधा प्लाय पहिल्याच पावसाळ्यात फुगून पदर सोडतो. सांधे आतून डिंकानं आणि सिलिकॉननं बंद करायचे. सुताराला सांगायचं की पाणी न गळणारी पेटी हवी, म्हणजे तो बरोबर करतो.

कॉइल, चुंबक आणि कागदी कोन असलेल्या आजच्या स्पीकरची मांडणी चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली जगापुढं ठेवली. शंभर वर्षांत गाभा तोच राहिला. कोकणासाठी मात्र कागदी कोन टाळावा. दमट हवेत कागद मऊ पडतो, कडेला बुरशी धरते. पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकचा कोन थोडा महाग पडतो, पण टिकतो.

वर पोशाख चढवायचा असेल तर कापडाकडे लक्ष द्या. मखमल किंवा दुपदरी जाड कापड स्पीकरवर आलं की वरचे स्वर त्यातच मुरतात. पाठीवरच्या स्पीकरबद्दल जे सांगितलं तेच पुन्हा, चाल पोचते आणि शब्द बुडतात. तेवढ्या भागाला पातळ मलमल किंवा स्पीकरची जाळी शिवून घ्यावी. पोशाखाच्या रंगाची घेतली की दिसतही नाही.

अ‍ॅम्प्लिफायरचं फार बोलत नाही. क्लास-डी जातीचा घ्या. जुन्या पद्धतीचे अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीतला बराच भाग उष्णतेत घालवतात, हा ९० टक्क्यांच्या आसपास स्पीकरकडे पोचवतो. टीपीए ३११८ ही चिप असलेली लहान पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, साडेचार ते २६ व्होल्टवर चालते आणि आपल्या कामाला भरपूर आहे. माईकचा बारीक सिग्नल आधी वाढवायला प्रीअ‍ॅम्प लागेल. एक युक्ती मात्र जरूर करा. अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मालिकेत घाला. इनपुटचा रोध १० किलोओहम असला की १६० हर्ट्झच्या खालचे स्वर उतरू लागतात. पावलांची धपधप, कपड्याची घासाघास, वाऱ्याचा घुमारा हे सगळं त्या खालच्या भागात असतं. लहान स्पीकरला ते झेपत नाही आणि बॅटरी फुकट खातं. माईकची वायर पेटीपर्यंत थेट आणा. ब्लूटूथ इथं नको. त्यात आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागानं मागं पडतो आणि गाणाऱ्याचा ताल सुटतो.

आता बॅटरी. श्रोतेहो, इथं मी थोडा वेळ घेतो, कारण ही वस्तू माणसाच्या पोटाला बांधलेली असणार आहे. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अ‍ॅम्पिअर-अवरची शिशाची बॅटरी दोन किलोच्या वर भरते, ती विसरा. लिथियममध्ये दोन जाती बाजारात मिळतात. एक मोबाईल-लॅपटॉपमधली, ३.७ व्होल्टची. तिच्यात वजनाच्या मानानं जास्त वीज मावते, पण ती दबली, भोसकली किंवा जास्त चार्ज झाली तर पेट घेऊ शकते. दुसरी लिथियम आयर्न फॉस्फेट, ३.२ व्होल्टची. हिच्या रसायनाचा शोध १९९७ मध्ये जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी त्यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल इतर दोघांबरोबर मिळालं. हिच्यात वीज थोडी कमी मावते, पण ती तापमानाला पुष्कळ स्थिर आहे आणि जास्त वर्षं चालते. अंगावर बांधायच्या कामाला मी दुसरीच सुचवेन. १५०० एमएएचचे चार सेल मालिकेत जोडले की १२.८ व्होल्ट आणि सुमारे १९ वॉट-अवर होतात. वजन दोनशे ग्रॅमच्या आत. गाताना सरासरी ३ वॉट खर्च धरला तर सहा तास. सकाळचे खेळे होऊन दुपारच्या जेवणाला बसलात की पुन्हा चार्जिंगला लावता येते.

सेलना बीएमएसची पाटी लागतेच, ती प्रत्येक सेलवर लक्ष ठेवते. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला लागूनच ३ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज. चार्जर १४.६ व्होल्टचा, याच जातीचा. दुकानात सगळ्याच बॅटऱ्यांना नुसतं लिथियम म्हणतात आणि १६.८ व्होल्टचा चार्जर पुढं करतात. तो पहिल्या जातीच्या चार सेलसाठी असतो, या बॅटरीला लावायचा नाही. फुगलेला सेल वापरायचा नाही. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल वापरायचे नाहीत, कितीही स्वस्त पडले तरी. आणि पेटी अंगावर असताना चार्जिंग अजिबात नाही. शिमग्याच्या गडबडीत माणसं पॉवरबँक खिशात घालून तीच वायर जोडून चालू लागतात, म्हणून हे आवर्जून सांगतोय.

खारा वारा आणि घाम हे आपल्याकडचे दोन शत्रू. तांब्याच्या उघड्या तारेवर हिरवा कळंक चढतो आणि मग आवाज तुटक येऊ लागतो. तार कल्हई केलेली, म्हणजे टिन चढवलेली घ्यावी. सोल्डरिंग झाल्यावर फ्लक्स, म्हणजे सोल्डर धरायला लावलेला चिकट पदार्थ, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून काढायचा आणि पाटीवर लॅकरचा पातळ हात द्यायचा. लॅकर नसेल तर नेलपॉलिश चालतं. पेटीत सिलिका जेलची एक पुडी टाकून ठेवा.

पट्टा मानेवरून नको. सगळं मिळून वजन दीड किलोच्या आत राहतं, पण दीड किलो मानेवर घेऊन दिवसभर नाचता येत नाही. कमरेचा रुंद पट्टा आणि पाठीवर फुलीसारखे दोन बारीक पट्टे घेतले की वजन कमरेवर बसतं. पेटी आणि पोट यांच्यामध्ये फोमचा थर घालावा.

पेटी कमरेला बांधलेली आहे म्हणून तिला कायदा लागू नाही असा समज दिसतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, मग तो कुठंही बांधलेला असो. सणाच्या ठरावीक दिवसांना राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस. आपली नमनं रात्र रात्र चालतात, म्हणून हे मंडळात आधीच ठरवून ठेवा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवती सरकारनं शांतता क्षेत्र जाहीर केलं असेल तिथं मर्यादा आणखी कडक आहे. आणि गाणाऱ्याचे स्वतःचे कान पेटीपासून हातभरच दूर असतात. दोन-तीन घरं झाली की त्याला विचारत जा, कानात गुणगुण होते का. होत असेल तर आवाज उतरवा.

पेटी तयार झाली की ती मृदंगासकट तपासायची. गाणाऱ्याला तुळशीपाशी उभा करा, एकाला आंगणाच्या कडेला पाठ करून बसवा, मागं मृदंग वाजू द्या. गाणाऱ्यानं ओळीत न बसणारे सुटे शब्द म्हणायचे. पाट, ताट, खाट, काठ, साल, शाल, ताप, थाप. ऐकणाऱ्यानं कागदावर लिहायचे. ‘पाट’चं ‘ताट’ लिहिलं गेलं किंवा ‘साल’ची ‘शाल’ झाली, तर वरचे स्वर कुठंतरी अडताहेत. आधी कापड काढून बघा, मग माईकचा कोन, मग स्पीकर बदला. आवाजाचं बटण सगळ्यात शेवटी. सगळे शब्द बरोबर आले की गाणं म्हणायला घ्या.

नमस्कार.