नोंद नाही म्हणजे धोका नाही, असे नव्हे

मित्रहो, ‘लँग्वेज मॉडेल आणि नॉलेज ग्राफ यांची जोडणी’ हे विषयाचे नाव भारदस्त आहे, म्हणून एका घरगुती प्रश्नापासून सुरुवात करतो. ‘बाबांना अ‍ॅसिट्रॉम चालू आहे. नायट्यासाठी फोरकान आणली आहे. दोन्ही एकदम घेतल्या तर चालतील ना?’ अ‍ॅसिट्रॉम म्हणजे असेनोकुमारॉल, आपण घरात जिला रक्त पातळ करायची गोळी म्हणतो ती. खरे तर ती रक्त पातळ करत नाही, रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. फोरकान म्हणजे फ्लुकोनाझोल. असेनोकुमारॉलचे विघटन प्रामुख्याने यकृतातील सीवायपी२सी९ नावाचे विकर करते आणि फ्लुकोनाझोल नेमके त्याच विकराला रोखते. त्यामुळे पहिले औषध शरीरात साचत जाते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आता हे उत्तर यंत्राने कुठून आणायचे? लँग्वेज मॉडेलने, म्हणजे प्रश्नाला मजकुरात उत्तर देणाऱ्या यंत्राने, अशी वाक्ये प्रचंड प्रमाणात वाचलेली असतात, पण त्याच्याकडे नोंदवही नसते. पुढचा शब्द कोणता शोभेल एवढेच ते ठरवते, आणि प्रसिद्ध औषधांबाबत ते बहुधा बरोबर बोलते म्हणूनच अप्रसिद्ध औषधांबाबत फसवते. नॉलेज ग्राफचे नेमके उलटे असते. त्यात वाक्ये नसतात, तुकडे असतात: ‘फ्लुकोनाझोल – रोखते – सीवायपी२सी९’, ‘असेनोकुमारॉल – विघटन होते – सीवायपी२सी९’. दोन्ही तुकडे एकाच विकरापाशी येऊन मिळतात आणि दोन टप्प्यांची वाट तयार होते. ही वाट कोणत्याही एका परिच्छेदात लिहिलेली नसली तरी चालते, आणि २०२० नंतर रूढ झालेल्या, प्रश्नाशी मिळताजुळता मजकूर शोधून मॉडेलपुढे ठेवण्याच्या पद्धतीला इथेच धाप लागते.

मॉडेल आणि ग्राफ यांची जोडणी दोन तऱ्हांनी करतात. एकीत मॉडेल प्रश्नाचे रूपांतर स्पार्कलसारख्या चौकशीच्या भाषेत करते आणि उत्तर ग्राफ देतो. दुसरीत प्रश्नातल्या औषधांच्या आसपासचे दुवे उचलून मजकुराच्या रूपात मॉडेलपुढे ठेवतात. दुसरी सोपी वाटते, पण सीवायपी३ए४ सारख्या विकरापाशी पोहोचताच शेकडो औषधे एकदम अंगावर येतात, आणि त्यांतली कोणती कामाची हे पुन्हा मॉडेललाच ठरवावे लागते.

माझ्या मते मात्र खरी कसोटी या दोन्हींच्या आधी लागते. प्रश्नात ‘फोरकान’ आहे, ग्राफमध्ये ‘फ्लुकोनाझोल’. आरएक्सनॉर्म ही नामावली अमेरिकेच्या बाजारपेठेसाठी बनलेली आहे. आपल्या औषधाच्या दुकानातल्या नावांची अपेक्षा तिच्याकडून करणेच चूक, आणि असेनोकुमारॉल तर तिकडे वापरातच नाही. जुन्या ब्रिटिश पुस्तकांत तेच औषध निकुमालोन या नावाने भेटते. त्यात आपल्याकडच्या सर्दीच्या एका गोळीत पॅरासिटामॉलच्या जोडीला आणखी दोन औषधे असतात, म्हणजे एका नावाचे ग्राफमधल्या तीन नोडांशी, म्हणजे तीन वेगळ्या औषधांच्या नोंदींशी, लग्न लावावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे, त्यावर कोणी टाळ्या वाजवत नाही. पण ते चुकले तर पुढचा सगळा हिशेब दुसऱ्याच औषधाचा होतो.

आता मुख्य मुद्दा. समजा, नावे जुळली, चौकशी चालली आणि उत्तर रिकामे आले. रेल्वेच्या आरक्षणाच्या तक्त्यात आपले नाव नसेल तर आपले आरक्षण नाही, हे नक्की. कारण तो तक्ता पूर्ण असतो. नॉलेज ग्राफ तसा तक्ता नव्हे. त्यात नसलेला दुवा म्हणजे ‘अजून कोणी नोंदवलेला नाही’ इतकेच. जगात तो असूही शकतो. तर्कशास्त्रात याला मुक्त जगाचे गृहीतक म्हणतात, आणि आरडीएफवर, म्हणजे माहिती अशा तुकड्यांत मांडण्याच्या पद्धतीवर, उभारलेली ज्ञानव्यवस्था तेच धरून चालते. पण रिकामी यादी मॉडेलच्या हाती दिली की ते मोकळी जागा मोकळी ठेवत नाही. ते सफाईने लिहिते, ‘या दोन औषधांत कोणताही परस्परविरोध नाही, निश्चिंत राहा.’ वाक्य व्याकरणशुद्ध असते, सूर धीर देणारा असतो, आणि ग्राफ जोडलेला असल्यामुळे त्यावर विश्वासही दुप्पट बसतो. नुसत्या मॉडेलपेक्षा हे जोडकाम अधिक धोकादायक ठरण्याची शक्यता असते ती इथेच.

त्यामुळे उत्तर रिकामे आले की मी आणखी एक चौकशी करायला लावतो: ही दोन्ही औषधे ग्राफला मुळात माहीत आहेत का, आणि त्यांच्यापासून विकरांकडे जाणारा एक तरी दुवा नोंदलेला आहे का? औषधच माहीत नसेल तर मॉडेलला स्वतःची वाक्यरचना करूच देऊ नये. आधी लिहून ठेवलेले वाक्य जसेच्या तसे दाखवावे. आणि दुवा सापडला तर उत्तराखाली ती दोन टप्प्यांची वाट, प्रत्येक तुकडा कोणत्या स्रोतातून आणि कधी आला यासह, वाचता येईल अशी छापावी. औषधशास्त्र शिकलेला माणूस ती वाट दहा सेकंदांत तपासतो; मॉडेलचा गोड परिच्छेद तपासायला त्याला मूळ पुस्तकच उघडावे लागते.

म्हणजे बाबांच्या प्रश्नाला यंत्राचे उत्तर असे असायला हवे: ‘फ्लुकोनाझोलमुळे असेनोकुमारॉलचा परिणाम वाढू शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकत्र देऊ नका. आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) तपासावा लागेल.’ आणि फोरकानच्या जागी ग्राफला अनोळखी असे एखादे नाव असते तर: ‘हे औषध आमच्या नोंदींत नाही. धोका आहे की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही.’ हे दुसरे उत्तर वापरणाऱ्यांना आवडत नाही, हे मला माहीत आहे.