बोट कुठे आहे, ते पाहा

नमस्कार श्रोतेहो.

शाळांचा दर्जा हा विषय निघाला की आधी इमारत, मग संगणक, मग शिक्षकांच्या रिकाम्या जागा, असा बोलण्याचा क्रम ठरलेला असतो. मी आज एका बोटापासून सुरुवात करणार आहे.

तिसरीचा वर्ग. आठ-नऊ वर्षांची मुलगी उभी राहून धडा वाचत होती. आवाज खणखणीत, कुठे अडखळणं नाही. पाहुणे खूश, बाई खूश. मी तिच्या अगदी शेजारी उभा होतो म्हणून माझ्या लक्षात आलं, तोंडात धड्याची चौथी ओळ होती आणि बोट अजून दुसऱ्या ओळीवर फिरत होतं. मी पानं उलटली आणि मधलाच एक परिच्छेद दाखवला. ती माझ्याकडे पाहून हसली. मग त्या पानावरचं चित्र बघून तिने मनानेच एक वाक्य रचलं. चांगलं रचलं होतं, खरं सांगतो! हुशारच होती मुलगी. वाचता येत नाही हे तीन वर्षं कुणाला कळू न देणं हे काही येरागबाळ्याचं काम नाही.

आता एक आकडा. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांच्या शंभर मुलांपैकी ५३ मुलांना साधा, वयाला शोभणारा मजकूर वाचून समजत नाही, असा अंदाज जागतिक बँकेने २०१९ मध्ये मांडला होता. म्हणजे करोनाने शाळा बंद पडण्याच्या आधीची ही स्थिती. आणि यातली बहुतेक मुलं शाळेत जाणारी आहेत. पटावर नाव आहे, हजेरी लागते, वर्ग पुढे सरकतात.

हे होतं कसं? वाचायला शिकणारं मूल एकेक अक्षर ओळखतं, त्याला काना-मात्रा जोडतं, मग शब्द तयार होतो. या खटपटीतच सगळी शक्ती संपली, तर वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत वाक्याची सुरुवात डोक्यातून निघून जाते. अर्थ लागायला वाचनाला थोडा वेग यावा लागतो, आणि वेग सरावानेच येतो. पण सराव व्हायच्या आत पुस्तक पुढे गेलेलं असतं. तिसरीचं पुस्तक गृहीत धरतं की दुसरीचं आलेलं आहे. चौथीचं पुस्तक तिसरीचं गृहीत धरतं. जे मूल एकदा मागे राहिलं, त्याच्यासाठी थांबायची सोय त्या वेळापत्रकात कुठेच नसते. शिक्षकांना वरून एकच प्रश्न विचारला जातो, पोर्शन कुठवर आला? मग वर्गात ‘कळलं का?’ असं विचारलं की चाळीस गळ्यांतून एकसुरात ‘हो!’ येतं, आणि पोर्शन पुढे सरकतो. त्या ‘हो’ इतका फसवा आवाज शाळेत दुसरा नाही, घंटेचा सोडला तर.

दर्जा सुधारायचा म्हणून आपण साधारणपणे वस्तू देतो. केनियात नव्वदच्या दशकात काही ग्रामीण शाळांना मोफत पाठ्यपुस्तकं देऊन पाहिलं. वर्गाच्या सरासरी गुणांत फरक पडला नाही. जी मुलं आधीपासून पुढे होती, तेवढ्यांचाच फायदा झाला. कारण साधं होतं. पुस्तकं इंग्रजीत होती, आणि तिथल्या अनेक मुलांची ती तिसरी भाषा. पुस्तक हातात होतं, उघडत नव्हतं एवढंच.

पेरूमध्ये मुलांना लॅपटॉप वाटले. तीनशेहून जास्त शाळांत सव्वा वर्षाने तपासलं, तर गणित आणि भाषेत म्हणावी अशी हालचाल नाही. इंडोनेशियाने २००५ मध्ये कायदा करून प्रमाणपत्रधारक शिक्षकांना मूळ पगाराइतका भत्ता देऊ केला, म्हणजे जवळजवळ दुप्पट पगार. शिक्षक समाधानी झाले, बाहेरची जोडकामं कमी झाली. मुलांच्या शिकण्यावर मात्र दोन-तीन वर्षांनंतरही परिणाम दिसला नाही. शिक्षकांना चांगला पगार मिळालाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पगार वाढला म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गातलं शिकवणं बदलत नाही. तेच पुस्तक, तोच पोर्शन, तेच ‘हो!’

गैरहजेरीचाही प्रश्न आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. विकसनशील जगातल्या सहा देशांत न सांगता शाळांना भेटी दिल्या, तेव्हा सरासरी १९ टक्के शिक्षक शाळेत नव्हते. पण जे उरलेले ८१ टक्के हजर होते, त्यांच्याही वर्गात मुलं का मागे राहतात, हा मला जास्त महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

पुन्हा केनियाकडे येऊ. २००३ मध्ये तिथे प्राथमिक शिक्षण मोफत झालं आणि दहा लाखांहून जास्त मुलं एकदम शाळेत आली. पहिलीच्या एकेका वर्गात अक्षरही न पाहिलेली आणि बऱ्यापैकी वाचणारी मुलं शेजारी शेजारी. पुढे १२१ शाळांना पहिलीसाठी एक जादा शिक्षक दिला आणि वर्गाचे दोन भाग केले. निम्म्या शाळांत चिठ्ठ्या टाकून, निम्म्या शाळांत मुलांना आधी काय येतं ते पाहून. दुसऱ्या प्रकारच्या शाळांत पुढची मुलं जास्त शिकली, आणि मागची मुलंही जास्त शिकली. समोरच्या मुलांना काय येतं हे ठाऊक असलं की शिक्षकाला नेमकं तिथून सुरू करता येतं.

मुंबईत १९९४ साली सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेची पद्धत याच जातकुळीतली. दिवसातला एखादा तास इयत्ता विसरायची. अक्षरं ओळखणारी मुलं एकत्र, शब्द वाचणारी एकत्र, परिच्छेद वाचणारी एकत्र. मूल पुढे गेलं की गट बदलायचा. पुढे झांबियानेही ही पद्धत उचलली. ‘ढ मुलांचा गट’ असा शिक्का बसेल, ही भीती रास्त आहे. म्हणूनच गट तासापुरता आणि बदलता हवा. कायमची तुकडी केली की शिक्का बसलाच समजा.

मग शिक्षकाला मदत कोण करणार? केनियातच २०१५ मध्ये ‘तुसोमे’ हा वाचनाचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. स्वाहिलीत या शब्दाचा अर्थ ‘चला, वाचू या’. प्रत्येक मुलाला स्वतःचं पुस्तक, शिक्षकाला रोजच्या तासाची मार्गदर्शिका, आणि वर्गात येऊन मागे बसणारा, दोन-तीन मुलांकडून वाचून घेणारा आणि मग शिक्षकाशी बोलणारा मार्गदर्शक. तपासायला येणारे साहेब आपण खूप पाहिलेत. ते कपाटातली रजिस्टरं पाहतात. मूल वाचताना ऐकायला येणारा माणूस दुर्मीळ.

ब्राझीलच्या ईशान्येला सोब्राल नावाचं शहर आहे. श्रीमंत नाही. २००१ च्या सुमारास तिथे चाचणी घेतली तेव्हा दोन वर्षं शाळेत काढलेल्या जवळपास निम्म्या मुलांना वाचता येत नव्हतं. नगरपालिकेने ते लपवलं नाही. याचं मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं, कारण असे आकडे दडपायला कुठल्याही कार्यालयात एक खण पुरतो. मुख्याध्यापक वशिल्याने नेमणं बंद करून परीक्षा घेऊन नेमायला सुरुवात केली. पहिलं ध्येय एकच ठेवलं, लहान मुलांना वाचता आलं पाहिजे. आणि ते आलं की नाही हे शाळेबाहेरची माणसं येऊन एकेका मुलाला समोर बसवून, मोठ्याने वाचायला लावून ठरवत. देशाच्या शिक्षण निर्देशांकात २००५ मध्ये सोब्रालचा क्रमांक हजाराच्याही पलीकडे होता. २०१७ मध्ये पाच हजारांहून जास्त नगरपालिकांमध्ये ते पहिलं आलं. अर्थात याला दीड दशक लागलं. दीड दशकात निवडणुका किती होतात, ते तुम्हीच मोजा.

तुमच्या घरात किंवा शेजारी आठ-नऊ वर्षांचं मूल असेल, तर आज संध्याकाळी त्याला जवळ बसवा. त्याच्या शाळेचं पुस्तक नको, ते पाठ असू शकतं. दुसरं कुठलंही सोपं पुस्तक घ्या, मधलंच पान उघडा, चित्र असेल तर त्यावर तळहात ठेवा. वाचताना मध्ये टोकू नका. वाचून झाल्यावर, काय झालं गोष्टीत, एवढंच विचारा. आणि ते वाचत असताना त्याच्या तोंडाकडे नको, बोटाकडे बघा.

नमस्कार.