दोन पॉइंट कुठून आले?

मंडळी, 'निवृत्तीनंतरचे छंद' या आपल्या मालिकेत गेल्या महिन्यात बोनसाय झालं, पुढच्या महिन्यात मोडी लिपी आहे. मधे मी फॉर्म्युला वन, म्हणजे गाड्यांच्या शर्यती, घेऊन उभी आहे, तेव्हा थोडं सांभाळून घ्या. संयोजकांनी फोनवर विचारलं होतं, "ताई, प्रोजेक्टर लावायचा का?" म्हटलं, नको, माझ्याकडे वही आहे.

ही ती वही. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. डाव्या पानावर शर्यतीचा निकाल, उजव्या पानावर 'असं का झालं'. सातपूरला एका कारखान्यात ३१ वर्षं क्वालिटीत काढली, त्यामुळे कारण लिहिल्याशिवाय रिजेक्शन पुढे सरकवायचं नाही ही सवय हाडात मुरली आहे. भाचा हसतो. तो मोबाइलवर हायलाइट्स बघतो, सात-आठ मिनिटांत मोकळा. मला हंगाम बघायचा असतो. द्राक्षवाल्याला विचारा, ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल निघेपर्यंतचं सगळं तो तोंडपाठ सांगेल. नुसतं शेवटच्या गाडीचं वजन सांगून थांबणार नाही.

२०२५ च्या हंगामात २४ शर्यती होत्या. १६ मार्चला मेलबर्न, ७ डिसेंबरला अबू धाबी. मेलबर्न आपल्याकडे सकाळी साडेनऊला, म्हणजे रविवारची मिसळ आणि शर्यत एकदमच. युरोपातल्या बहुतेक संध्याकाळी साडेसहाला, दिवेलागणीला. मेक्सिको रात्री दीडला. त्या रात्री मी सरळ झोपते आणि पहाटे उठून निकाल न कळता अख्खी शर्यत बघते. भाच्याला सक्त ताकीद असते, मेसेज करायचा नाही.

पहिल्याला २५ पॉइंट, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५, मग १२, १०, असं उतरत दहाव्याला १. स्प्रिंट म्हणजे छोट्या शर्यतींचं गणित वेगळं, त्यात आज शिरत नाही. वर्षाअखेर ड्रायव्हरांचा हिशेब काय झाला? लँडो नॉरिस ४२३, मॅक्स व्हर्स्टॅपन ४२१, ऑस्कर पियास्त्री ४१०. दोन पॉइंटांनी अजिंक्यपद. आणि गंमत म्हणजे ३१ ऑगस्टला, झांडवोर्टच्या शर्यतीनंतर, व्हर्स्टॅपन १०४ पॉइंटांनी मागे होता. पियास्त्री ३०९, नॉरिस २७५, हा २०५. मी त्या दिवशी त्याच्या नावावर रेघ मारली होती. ही बघा, अजून दिसते. पेन्सिलीने मारायला हवी होती.

तर हे दोन पॉइंट आले कुठून? डिसेंबरमध्ये मी वही मागून पुढे वाचत बसले.

सप्टेंबरमध्ये मोंझा. मॅक्लारेन या एकाच संघाच्या दोन गाड्या, नॉरिस पुढे, पियास्त्री मागे. टायर बदलायला पियास्त्रीला आधी बोलावलं. मग नॉरिस आला, तर त्याचं पुढचं एक चाक बसेना. तो मागे पडला. संघाने पियास्त्रीला सांगितलं, जागा परत दे, आणि त्याने दिली. नॉरिस दुसरा, १८. पियास्त्री तिसरा, १५. ते तीन काढून बघा. नॉरिस ४२०, व्हर्स्टॅपन ४२१.

कतारमध्ये ५७ फेऱ्या होत्या आणि टायरचा एक संच २५ फेऱ्यांपेक्षा जास्त वापरायला बंदी. सातव्या फेरीला सेफ्टी कार आली, म्हणजे सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी; तेव्हा टायर बदलले तर वेळ कमी जातो. सात अधिक पंचवीस अधिक पंचवीस, सत्तावन्न! गणित इतकं सरळ की आमच्या शिफ्टचा हेल्परही सांगेल, टायर बदलायला आत या. बाकी जवळजवळ सगळे आले, मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या बाहेरच राहिल्या. व्हर्स्टॅपन जिंकला. नॉरिस पाचवा चालला होता. शेवटून दुसऱ्या फेरीत त्याच्या पुढचा अँटोनेली, १९ वर्षांचा पोरगा, घसरला आणि नॉरिस चौथा आला. दहाचे बारा झाले. बरोब्बर दोन. त्या पोराने मुद्दाम जागा दिली असं म्हणत लोकांनी त्याला ऑनलाइन इतक्या शिव्या घातल्या की मला लाज वाटली.

पण खातं दोन्ही बाजूंनी लिहायचं असतं. व्हर्स्टॅपनने बार्सिलोनात रागाच्या भरात रसेल या दुसऱ्या ड्रायव्हरच्या गाडीला गाडी घासली. दहा सेकंदांचा दंड, पाचव्याचा दहावा. दहाचा एक झाला, नऊ गेले. हे दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकता येत नाहीत. उलट नॉरिसचे झांडवोर्टला दुसरा असताना गाडीने १८ घालवले, तेल गळून धूर निघाला. आणि लास वेगासला आणखी १८.

वेगासवर मी थोडी जास्त बोलणार. या गाड्यांच्या पोटाखाली एक फळी असते. १९९४ मध्ये इमोलाला राट्झेनबर्गर आणि सेन्ना हे दोन ड्रायव्हर अपघातात गेले, त्यानंतर ती आली, गाडी जमिनीला फार चिकटून पळू नये म्हणून. नवी फळी १० मिलिमीटर जाड, शर्यत संपल्यावर ९ च्या खाली चालत नाही. त्या रविवारी सकाळी नॉरिस दुसरा आला, मी वहीत १८ लिहिले, जेवून आडवी झाले. उठते तो बातमी, दोन्ही मॅक्लारेन बाद. नॉरिसची फळी एका जागी ८.८८ भरली होती.

भाचा चिडला. "मावशी, बारा शतांश! केसाएवढंही नसेल!" तुम्हाला सांगते, जाडी मोजायचा मायक्रोमीटर हातात धरून रॅचेट फिरवलं की शेवटी टक्‌, टक्‌, टक्‌ असा आवाज येतो. तो आवाज आला की वाचायचं आणि लिहायचं. सुपरवायझर मागे उभा असतो, "मॅडम, गाडी भरून उभी आहे, एवढ्याने काय होतंय." पंचांनीही लिहिलं की यात लबाडी नव्हती, गाडी अनपेक्षितपणे उसळत होती. तरी बाद. मी त्या १८ वर काट मारली आणि उजव्या पानावर लिहिलं, 'अंडरसाइज'. खरं सांगू? बरं वाटलं मला. नॉरिस माझा लाडका असूनसुद्धा.

आता कुणी म्हणेल, ही सगळी वजाबाकी फसवी आहे. आहेच. मोंझाचे तीन काढले असते तर अबू धाबीत नॉरिसने गाडी वेगळी चालवली असती. तरी मी करते, कारण एरवी ते तीन पॉइंट लक्षातही राहिले नसते.

अबू धाबीला नॉरिस १२ पॉइंटांनी पुढे होता, ४०८ आणि ३९६. व्हर्स्टॅपन जिंकणार असं दिसत होतं, म्हणजे याला तिसरं यायलाच हवं. चौथा आला तर ४२०. त्यामुळे आम्ही पहिल्या नंबराकडे बघतच नव्हतो. चौथ्यावर लक्लेर होता, त्याच्यातलं आणि नॉरिसमधलं अंतर मी दर फेरीला वहीत टिपत होते. आई शेजारी बसली होती, वय ८४, वाती वळत. शर्यत संपली. व्हर्स्टॅपन पहिला, पियास्त्री दुसरा, नॉरिस तिसरा. तो रेडिओवर रडायला लागला.

"पहिला कोण आला?" आईने विचारलं.

"व्हर्स्टॅपन."

"आणि हा रडतोय तो?"

"हा तिसरा."

आईने वात खाली ठेवली. म्हणाली, "असू दे गं. पुढच्या वेळी येईल पहिला."