हात लावू नये

नमस्कार मंडळी. श्रीखंड फ्रीजमधून बाहेर काढलंय आणि पुऱ्या गार होतायत, हे कार्यवाहांनी मला तीनदा सांगून झालंय. तेव्हा पंधरा मिनिटांत आटोपते. वीस धरा.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. आमची धाकटी, वय वर्षं साडेपाच, बाहेरच्या खोलीत शाळा-शाळा खेळत होती आणि मी भेंडी चिरता चिरता ऐकत होते. आधी तिची रोजची डच शाळा भरली. बाहुल्या घरभर. एक सोफ्याखाली, ती म्हणे गुहा. अस्वल पाण्याच्या टेबलाशी, म्हणजे माझ्या परातीशी. बाकीचे ठोकळ्यांच्या कोपऱ्यात. मग तिने टाळी वाजवली, सगळ्यांना उचलून भिंतीशी एका ओळीत बसवलं आणि मराठी शाळा सुरू झाली. "खाली बस. पळू नको. हात लावू नको, गणपतीचं आहे. हात लावू नको म्हटलं ना!" मग एकदम शांत. मी आतूनच विचारलं, "बाई, आता काय शिकवणार?" तर म्हणाली, "संपलं. आता आईबाबा येईपर्यंत वाट बघायची."

मी हसले. नवऱ्याला सांगितलं, तोही हसला. रात्री सांगलीला आईला फोनवर सांगितलं, ती मात्र हसली नाही. म्हणाली, "अगं, तुम्ही त्या पोरांना बसवता तरी कुठे?"

कुठे बसवतो ते तुम्हाला माहीत आहे. याच ब्यूर्टहाउसची, म्हणजे या डच वस्तीच्या समाजमंदिराची, मागची खोली, दर रविवारी दोन तास. एका बाजूला घडीची टेबलं, दुसऱ्या बाजूला मंडळाचं कपाट. त्यावर बबलरॅपमधलं मखर, एका बाजूने फाटलेला ढोल आणि कागदी ताटल्यांचे दोन खोके, जे कुणीतरी सेलमध्ये घेऊन ठेवलेत. कुणीतरी म्हणजे मीच. आणि कपाटावर कागद: 'हात लावू नये'. अक्षर माझं. मी खजिनदार होते त्या वर्षी मंडळाची समई हरवली, म्हणून मी तो तावातावाने चिकटवला. समई पुढे सापडली. आमच्याच गॅरेजमध्ये. कागद मात्र तसाच राहिला. आपल्या शाळेच्या ताई परवा सांगत होत्या की वर्गातलं प्रत्येक मूल न अडखळता वाचतं असं एकमेव मराठी वाक्य ते आहे.

आपल्याला वाटतं शिकवतात त्या ताई आणि पुस्तक. पण पोरगी खेळात आणते ती ना 'क कमळाचा', ना बडबडगीत. ती खोली आणते.

समुद्रकाठच्या नोर्डवाइकला आपण दर उन्हाळ्यात भेळ घेऊन जातो. तिथेच बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींची समाधी आहे. 1952 मध्ये तिथेच त्या गेल्या. त्यांचं पहिलं बालघर 1907 साली रोममध्ये सान लोरेन्झो वस्तीतल्या एका चाळवजा इमारतीत सुरू झालं. कारण काय, तर आईबाप कामाला गेले की पोरं जिने आणि भिंती खराब करायची, आणि घरमालकांना ते नको होतं. म्हणजे तिथेही सुरुवात 'हात लावू नये'नेच! बाईंनी पुढे काय केलं, तर मुलांच्या मापाच्या खुर्च्या केल्या आणि त्यांचा हात पोचेल अशी ठेंगणी कपाटं केली. आपलं कपाट सहा फुटी आहे आणि किल्ली अध्यक्षांकडे.

तोच धागा गुजरातेतल्या बालशिक्षणवाल्या गिजुभाई बधेकांकडून आपल्या ताराबाई मोडकांकडे आला. 1945 साली डहाणूजवळ बोर्डीला त्या आणि अनुताई वाघ कामाला लागल्या, पुढे कोसबाडला गेल्या. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, कारण धाकटं भावंड काखेला आणि गुरं समोर. मग बालवाडीच अंगणात गेली, कुरणातसुद्धा गेली. सामान काय, तर शंख-शिंपले, बिया, खडे, पानं. आपल्याकडे निदान छप्पर आहे, हीटर आहे. बहुतेक वेळा चालतोही.

आणि हे इथलं. आल्डो फान आयक नावाचा तरुण वास्तुविशारद युद्धानंतर आम्स्टरडॅम महापालिकेत नोकरीला होता. 1947 मध्ये त्याने बेर्टेलमानप्लाइन नावाच्या चौकात मुलांना खेळायला एक जागा करून दिली आणि पुढच्या तीसेक वर्षांत शहरभर अशा सातशेहून जास्त जागा केल्या. दोन घरांमधली मोकळी पडलेली जमीन, चौकाचा कोपरा, मिळेल तिथे. लोक पत्र लिहायचे, आमच्या गल्लीत पण एक करा म्हणून. त्यात काय असायचं? वाळूचा हौद, त्याला रुंद काठ, म्हणजे आपला कट्टाच. कोलांट्या मारायला लोखंडी दांड्या. उड्या मारायला दगड. हत्तीच्या सोंडेची घसरगुंडी वगैरे नाही. कारण हत्ती केला की तो हत्तीच राहतो. नुसती कमान असली की ती आज घर, उद्या डोंगर. त्यातल्या बहुतेक जागा आता उरल्या नाहीत, पण गाडी लावायला जागा शोधताना एखादी अजून दिसते.

तुम्ही म्हणाल, बाई आम्हाला परदेशातलं सांगतायत. बरं, मग किल्ला आठवा. दिवाळीचा. चिखल, पोत्याचं फडकं, अळीव, आणि हात मोडलेला तोच एक मावळा दरवर्षी. काकांनी येऊन तळं इकडे हलव म्हटलं की आपण कसे किंचाळायचो! आपल्या शाळेत मुलांनी किंचाळावं असं काहीही नाही. मागच्या सभेत उकडीचे मोदक कुणाकडून मागवायचे यावर आपण 40 मिनिटं भांडलो. नाटकाच्या ध्वनिव्यवस्थेवर त्याहून जास्त. मागच्या खोलीवर एकही मिनिट नाही. मीही बोलले नाही. मी मोदकांवर बोलत होते.

तर गेल्या रविवारी आम्ही एक केलं. मखर बाहेर काढलं. चार जुन्या साड्या, कपड्यांचे चिमटे आणि ती घडीची टेबलं मुलांच्या ताब्यात दिली, आणि आम्ही मोठे कॉफी घेऊन दारात उभे राहिलो. पाऊण तासात आत वाडा उभा. माळा झाला, दुकान झालं, तुरुंग झाला. माझ्या नारायणपेठचा पूल झाला. धाकटीला मी दोनदा हाक मारली, तिला ऐकूच आलं नाही.

फक्त, मंडळी, हे सगळं डचमध्ये झालं. पहिल्या मिनिटापासून. ओळीत बसवलं होतं तेव्हा निदान 'बसू का?' मराठीत विचारायची. मोकळं सोडलं तशी ज्या भाषेत ती मोकळी आहेत त्या भाषेत गेली. ताई माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. मराठी एकदाच आली. आठवीतल्या एका मुलीने साडीच्या दारावर कागद टाचला: 'मोठ्यांनी हात लाऊ नये'. त्यातला 'वू' चुकलाय. मी दुरुस्त केला नाही.

याला कमाई म्हणायचं का, मला खरंच कळत नाही. कुणाला कळत असेल तर सांगा. चार वाजता ब्यूर्टहाउसचे किल्लीवाले आजोबा आले. भिंतीवरच्या नकाशाप्रमाणे टेबलं जिथल्या तिथे लावायची असा नियम आहे, तो आपण पाळतो, म्हणून तर भाडं इतकं कमी. दहा मिनिटांत वाडा गेला. धाकटीने गाडीत विचारलं, "पुढच्या रविवारी असेल?" मी "बघू" म्हटलं. पुढे तिने काही विचारलं नाही.

एक भिंत कायमची मिळते का, ते अध्यक्ष ब्यूर्टहाउसला विचारणार आहेत. मखर सध्या आमच्या गॅरेजमध्ये आहे, समई होती त्याच कोपऱ्यात, आणि नवऱ्याची सायकल त्यामुळे पावसात आहे. कुणाकडे भाद्रपदापर्यंत कोरडी जागा असेल तर जेवताना मला गाठा. चला, पुऱ्या.