दर्याचे नियम कुणी करायचे?

(सोलापुरातील व्याख्यानाचा संपादित भाग)

उजनी धरणातून कालव्याचं आवर्तन सुटलं की हेडला, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीला, किती पाणी मिळालं आणि टेलपर्यंत, म्हणजे शेवटापर्यंत, किती पोचलं, यावर या जिल्ह्यात घरोघरी बोलणं होतं. त्यामुळे समुद्रातल्या मासेमारीवर बोलताना इथे फार प्रस्तावना लागू नये. साधन सगळ्यांचं, पण मोजकं; ज्याचा पंप मोठा तो आधी उपसतो. किनाऱ्यावरही भांडण याचंच आहे.

आपल्या राज्याचा किनारा जुन्या मोजणीनं ७२० किलोमीटरचा. पाण्यात १२ सागरी मैलांपर्यंत राज्याची हुकमत, पुढे २०० मैलांपर्यंत केंद्राची. सागरी मासेमारीचा राज्याचा कायदा १९८१चा. २०२१ला त्यात दुरुस्ती होऊन दंड जबर वाढले. १ जून ते ३१ जुलै पावसाळी बंदी असते. माशांच्या थव्याला वेढून तळाशी आवळल्या जाणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर २०१६पासून कडक निर्बंध आहेत. २०२३मध्ये मासा किमान किती मोठा असेल तर पकडावा, हेही ठरलं. पापलेटसाठी ही लांबी १३५ मिलिमीटर आहे. नियमांची वानवा नाही. तरीही बोटभर पापलेट बाजारात येतं, कारण तो नियम मच्छीमाराला नोटीस म्हणून भेटतो. आपण सोडलेलं पिल्लू शेजारची बोट उचलणारच, अशी खात्री असेल तर कुणीही सोडणार नाही. अथांग पाण्यात गस्तीची नौका पुरून पुरून किती पुरणार?

मच्छीमारांचे स्वतःचे नियम मात्र जुने आहेत आणि टिकाऊही. सिंधुदुर्गात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, लागते तेव्हा होडीचा, जाळ्याचा आणि ओढणाऱ्या हातांचा वाटा आधीच ठरलेला असतो. दोरीला हात लावणारा रिकामा जात नाही. उत्तरेला पालघर-वसईकडे पिशवीसारखी डोल जाळी एका जागी खुंट मारून लावतात. त्या जागेला कव म्हणतात. कुणाची कव कुठे, हे गावात प्रत्येकाला ठाऊक असतं. पण वसई-उत्तनच्या कवी सातपाटी-डहाणूसमोरच्या पाण्यात लागल्या की वाद पेटतो आणि वर्षानुवर्षं धुमसतो. गावाचा नियम गावाच्या वेशीपाशी संपतो, आणि दोन गावांनी बसून निवाडा करावा असं कायद्यानं मान्य केलेलं ठिकाणच नाही.

मासा तर वेस ओळखतच नाही. बांगडा, तारली यांचे थवे सिंधुदुर्ग, गोवा, कारवार असे फिरतात. त्यांच्या मागे कर्नाटकातल्या मलपी बंदराचे हायस्पीड ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या मोठ्या बोटी, मालवणसमोर येतात आणि मग समुद्रात पाठलाग होतो, बोटी पकडल्या जातात. एकट्या महाराष्ट्रानं कितीही चांगला नियम केला तरी थव्याच्या निम्म्या वाटेवर तो लागूच होत नाही. म्हणून व्यवस्थापनाचा आवाका माशाच्या वावराइतका हवा, आणि त्यात बसणारी माणसं मासे धरणारीच हवीत.

हे न झाल्यास काय होतं, ते कॅनडातल्या न्यूफाउंडलंडनं भोगलं. कॉड मासा कमी झालाय, लहान झालाय, असं किनाऱ्याजवळचे मच्छीमार १९८०च्या दशकात सांगत होते. सरकारी अंदाजात खोल समुद्रातल्या मोठ्या ट्रॉलरांच्या आकड्यांना फार वजन होतं. १९९२ला सरकारला मासेमारीच बंद करावी लागली आणि तीस हजारांवर लोकांचं काम गेलं. मला यात सर्वांत जास्त हे लागतं, की माहिती होती. ती ज्यांच्याकडे होती, त्यांना बैठकीत वजन नव्हतं.

युरोपीय संघानं २००२च्या सुधारणेत समुद्रवार सल्लागार परिषदा आणल्या. उत्तर समुद्राची २००४मध्ये सुरू झाली. देशांच्या सीमा ओलांडून मच्छीमार एका टेबलाशी आले, हे मोठंच. पण अधिकार फक्त सल्ल्याचा. केरळनं गाव, जिल्हा, राज्य अशा तीन पातळ्यांवरच्या व्यवस्थापन परिषदा कायद्यात आणल्या. तिथल्याच अष्टमुडी खाडीत शिंपल्या काढणाऱ्यांनी विणीच्या काळात काम थांबवायचं मान्य केलं. २०१४मध्ये त्या मासेमारीला शाश्वततेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं.

आणि आपण? कालव्यांसाठी महाराष्ट्रानं २००५मध्ये कायदा केला. पाणी वापर संस्थेला पाणी मोजून द्यायचं. पाळ्या ती ठरवेल, पट्टी ती वसूल करेल. अंमलबजावणी कशी झाली ते इथल्या शेतकऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण अधिकार निदान कायद्यात लिहिलेला आहे. किनाऱ्यावर मच्छीमार सोसायट्या जुन्या आणि भक्कम आहेत. त्या डिझेल, बर्फ, कर्ज, विक्री पाहतात. जाळ्याचा आस, म्हणजे त्याच्या डोळ्याचा आकार, किती असावा, कुठलं पाणी कधी बंद ठेवावं, यात त्यांचा शब्द चालत नाही.

माझी मागणी नेमकी आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा आणि कर्नाटकातला उत्तर कन्नड जिल्हा मिळून एक परिषद. पालघर ते दक्षिण गुजरात दुसरी. आस, बंदीचा काळ आणि परवान्यांची संख्या ठरवण्याचा अधिकार त्यांना हवा. शास्त्रज्ञ आणि मत्स्यखातं त्यात असावंच. पण बोटमालकच सगळ्या खुर्च्या अडवतील, हा धोका खरा आहे. पाणी वापर संस्थांत मोठा बागायतदार अडवतो तसाच. म्हणून रापणकर आणि बिगरयांत्रिक होडीवाल्यांच्या जागा राखीव हव्यात. खलाशांनाही मत हवं. त्यांतले कित्येक नेपाळहून आलेले असतात आणि किनाऱ्यावरच्या कुठल्याच यादीत त्यांचं नाव नसतं. बंदरावर लिलावात बसणाऱ्या बायकांना तर पहिल्या बैठकीपासून बोलवावं. टोपलीतला मासा यंदा किती आखूड झालाय हे त्यांना रोज दिसतं, आणि त्यांच्याकडून ते नोंदवून घेण्याची जबाबदारी आज कुणावरही नाही.