रक्त येतंय तिथंच घासायचं

(दृश्य: चूल, तवा, काळी पडत जाणारी तंबाखू)

पहाटेचे साडेपाच. तव्यावर भाकरी नाही, तंबाखू आहे. धूर डोळ्यांत गेला की पदर नाकाशी जातो, पण दुसरा हात परतायचा थांबत नाही. पान पार काळं, कुरकुरीत झालं की चुरायचं, वस्त्रगाळ करायचं आणि डबीत भरायचं. झाली मशेरी. पाटण तालुक्यातल्या या वाडीत बायकांचं दात घासणं म्हणजे ही डबी आणि हे बोट. सकाळी एकदा, भाकऱ्या झाल्या की पुन्हा, रानातून आल्यावर आणखी एकदा.

(दृश्य: शाळेचा व्हरांडा, घडीची खुर्ची, रांग)

शाळेच्या व्हरांड्यात आज दातांचं शिबिर आहे. वीज गेलीय, जनरेटर चालू आहे. त्याची घरघर पुढं सगळीकडं ऐकू येईल, त्याला इलाज नव्हता.

"आक्का, ब्रश करता का?"

"लेकीनं आणलाय की पुण्यासनं. पर लावला की रगात येतंय. मग दिला ठिवून."

नेमकं इथंच घोडं अडतं. रक्त दिसलं की माणूस ती जागा सोडून घासतो, किंवा ब्रशच सोडतो. जखमेला हात लावू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. पण ही खरचटल्याची जखम नाही. दात आणि हिरडीच्या सांध्यात जिवाणूंचा पिवळट, चिकट थर बसतो, त्यानं हिरडी सुजते, आणि सुजलेल्या हिरडीला नुसता धक्का लागला तरी रक्त येतं. थर तसाच ठेवला तर सूज कशी जाणार?

१९६५ साली डेन्मार्कमधल्या हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागले, आणि आठवडाभरात सूज उतरली. औषध काही नाही.

(दृश्य: जवळून, मोजणीची सळई)

ही सळई. दात आणि हिरडीच्या सांध्यात घालून खोली मोजायची. टोकाला अर्ध्या मिलिमीटरचा गोळा, साडेतीन मिलिमीटरवर काळा पट्टा सुरू. निरोगी हिरडीत पट्टा पुरता बाहेर दिसतो. आक्कांचा बघा, अर्धा बुडालाय. आणि सळईमागोमाग तो लाल ठिपका.

बिडी ओढणाऱ्यांत मात्र उलटं दिसतं. आजार आत असूनही रक्त कमी येतं. मागं बसलेले आबा म्हणूनच निवांत आहेत.

(दृश्य: स्केलिंग म्हणजे यंत्रानं दातांची सफाई, पाण्याचा फवारा, ट्रे)

आता खालचे पुढचे दात, आतल्या बाजूनं. लाळ तिथंच जिभेखाली झरते, तिच्यातले क्षार थरात बसतात आणि त्याचं दगडासारखं किटण होतं. ते ब्रशनं निघत नाही. यंत्राचं टोक सेकंदाला २५,००० वेळांच्या आसपास थरथरतं, वर पाण्याचा फवारा. एक कपची सुटली. दुसरी. ट्रेमध्ये टक्कन आवाज आला तो तिचाच. तांदळाच्या कणीएवढी, एका अंगानं काळी.

"दात हालायला लागल्यात का वो?"

सगळ्यांचा हाच प्रश्न. दात सफाईनं सैल होत नाहीत. किटणानं बुजलेली फट मोकळी झाली, ती जिभेला कळते.

किटण तसंच राहिलं तर हाड झिजतं, दात पडतात. मधुमेहात ते लवकर होतं, मशेरीनं तोंडाचा कर्करोग होतो तो वेगळाच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगायचं, मनानं बंद करायची नाही.

(दृश्य: आक्कांच्या हातात ब्रश)

मऊ ब्रश. केस हिरडीच्या कडेला तिरके टेकवायचे आणि जागच्या जागी हलकेच हलवायचे. रगडायचं नाही. रक्त येतंय तिथं तर नक्की फिरवायचा. पहिले काही दिवस येईल. दोन आठवड्यांनीही थांबलं नाही तर पुन्हा दाखवायचं.

(दृश्य: पंधरा दिवसांनी, मोरी, सकाळ)

आक्का चूळ भरतात. फेस पांढरा आहे. मशेरीची डबी फळीवर आहेच. विचारलं तर हसल्या आणि चुलीकडं वळल्या.